गिरजाबाईचे दात

गुरुवारची सकाळ होती. मूल तालुक्यातल्या त्या धानाच्या गावात उर्वशी सासूला भात भरवत होती आणि समोर दिव्यानी बसली होती. दिव्यानी ही स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची स्वयंसेविका. मूल शहरातलं आपलं शिवणाचं दुकान दर गुरुवारी बंद ठेवून ती तीन गावं फिरते. पगार नाही, एसटीचं भाडं तेवढं मिळतं. म्हातारीवर ओरडायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, गोळी देताना आधी आपण तोंड उघडून दाखवायचं, हे सगळं तिनेच उर्वशीला शिकवलेलं.

सासू म्हणजे गिरजाबाई, बहात्तर वर्षांची, एकेकाळची गावची सुईण. दवाखान्याची गाडी येऊ लागण्याआधी निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलं. आता तिला पोटच्या पोराचं नाव आठवत नाही, पण हातांना त्यांचं काम आठवतं. कुठे तान्हं रडलं की ती उठते, न विचारता त्या घरात शिरते आणि बाळाला मांडीवर घेऊन टाळू चोळू लागते.

बस, एवढाच तिचा गुन्हा. शेजारच्या मुखरूच्या नातवाची टाळू तिने चोळली आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. त्याला मूलच्या दवाखान्यात न्यायला अर्धा तास पुरला असता. पण नाही, मुखरूने मांत्रिक आणला. त्याने लिंबू फिरवलं आणि सांगून टाकलं, म्हातारी जादू करते, तिचे पुढचे दात काढा म्हणजे मंत्र लागणार नाही. ज्यांच्या खिशात मोबाइल आहेत, ज्यांच्या पोरी नर्सिंग शिकतात, त्या माणसांनी हे ऐकून माना डोलावल्या. लिहितानासुद्धा किळस येते हो!

या पुण्यकर्मासाठी घरटी शंभर रुपये एका संध्याकाळी जमले. दोन महिन्यांआधी हीच दिव्यानी दानपेटी घेऊन आठवडी बाजारात उभी होती. अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र काढायचं होतं. तेव्हा याच गावातली माणसं, विसरण्याचा कुठे रोग असतो का, म्हणून हसत पुढे गेली होती.

दात काढायची सभा त्या गुरुवारीच दुपारी होती. उर्वशीने रडत रडत सगळं सांगितलं, तेव्हा कुठे दिव्यानीला कळलं. तिने लगेच पोलिसांना ११२ला फोन लावला, पण गाडी लांबून यायची होती. तेवढ्यात दारात चार माणसं आली आणि त्यांच्या पुढे होता रोशन, गिरजाबाईचा मुलगा. आईला न्यायला पोरगाच आला! गाव वाळीत टाकेल, दोनच तर दात आहेत, तसेही हलतात, असं तो बायकोला समजावत होता. उर्वशी आडवी आली, भांडली. त्याने तिला ढकललं आणि आईचा दंड धरला.

समाजमंदिरासमोर गिरजाबाई सगळ्यांकडे हसून बघत होती. इतकी माणसं जमली म्हणजे कुणाचं तरी बारसं असेल, असं तिला वाटलं. मांत्रिकाने पिशवीतून ग्रीस लागलेली पक्कड काढली आणि स्वतः आ करून दाखवला. गिरजाबाईने शहाण्या लेकरासारखं तोंड उघडलं.

कुणी उठलं नाही. दोघातिघांनी मोबाइल वर धरले, नीट दिसावं म्हणून पुढच्याला बाजूला सरकवलं. शी!

मागून उर्वशी धावत आली, तिच्या पाठोपाठ दिव्यानी. उर्वशीने हाताने सासूचं तोंड मिटलं, तिला पाठीशी घेतलं आणि मांत्रिकासमोर स्वतःचं तोंड उघडलं.

"पहिले माहे काढ," ती म्हणाली. "पाच वर्सं हिच्या ताटातलं उष्टं मी खाल्लं. जादू असंल तं माह्यातबी आली असंल."

मुखरूने तिला दम दिला, सुनेने मध्ये पडायचं काम नाही म्हणाला.

"मुखरूभाऊ, तुमचा नातू तापानं फणफणून राह्यला, अन् तुमी इथी म्हातारीचे दात काढून राह्यले. त्याले दवाखान्यात काऊन नाई नेलं?"

बायकांमध्ये बसलेली मुखरूची सून बाळाला घेऊन उठली आणि सासऱ्याकडे न बघता सरळ दिव्यानीजवळ गेली. दिव्यानीने दोघांना ऑटोत बसवून मूलला पाठवलं. मांत्रिक पिशवी आवरू लागला आणि पोलिसांची गाडी वळणावर दिसताच पळाला.

जमादाराने विचारलं, सभेला कोण कोण होतं? कुणालाच आठवेना. सरपंच म्हणे शेतावर होता. वर्गणी कुणी दिली नव्हती, पक्कड कुणी पाहिली नव्हती. चांगली धडधाकट माणसं, पण एकाचंही तोंड उघडेना. रोशन बायकोजवळ येऊन पुटपुटला की आता गप राहा, नाहीतर घर मोडेल.

उर्वशीने सासूचा पदर नीट केला आणि जमादारासमोर जाऊन बसली.

"लिहा साहेब, मले सगळे आठवतेत. पहिलं नाव रोशन. माहा नवरा."