ग्रहणातला दुधी

जुई गेली तेव्हा पाच महिन्यांची होती. तपासणीचा अहवाल त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. दोष आईकडून आलेला नव्हता, बाबांकडूनही नाही. डॉक्टरांनी सुरुचीला आणि केयूरला समोर बसवून सावकाश सांगितलं, "गर्भ घडताना, अगदी सुरुवातीला, जनुकांची नक्कल एका ठिकाणी चुकली. असं आपोआप होतं. यात कुणाचीही चूक नाही."

घरी येऊन सुरुचीनं ते सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. वासंतीबाई जुईची झबली घडी करून पिशवीत भरत होत्या.

"आपोआप फक्त केस पांढरे होतात," त्या म्हणाल्या.

पुढचं बोलल्या नाहीत, पण सुरुचीला ते ऐकू आलं. जुई पोटात असताना, सातव्या महिन्यात, ग्रहणाच्या संध्याकाळी तिनं दुधी चिरला होता. "अगं, आज विळीला हात लावू नकोस," असं सासूबाईंनी तीनदा बजावलं होतं. आणि ती हसली होती. "आई, चंद्राला माझ्या दुधीचं काय पडलंय?"

दोष त्याच्या कितीतरी आधीचा, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? नऊ वर्षं ती दहावीच्या मुलींना उत्क्रांती शिकवत होती.

रजा संपवून शाळेत गेली, तर नेमका तोच धडा वाट बघत होता. तिनं दरवर्षीचा खेळ लावला. पहिल्या बाकावरच्या मुलीला मांजराचं चित्र दाखवायचं. तिनं ते बघून काढायचं आणि फक्त आपलं चित्र मागच्या मुलीला दाखवायचं. असं शेवटच्या बाकापर्यंत. चाळिसाव्या कागदावर शेपटीच्या जागी तोटी आली होती.

"मॅडम, ही तर किटली!"

"कुणी केली हिची किटली?"

लगेच चौकशी बसली. कागद मागे-पुढे फिरले आणि दोन मिनिटांत गुन्हेगार सापडली. "शर्मिलानं, मॅडम! मांजराचा एक कान हिनंच खाल्ला!"

शर्मिला उभी राहिली. "मी मुद्दाम नाही केलं. मला दिसलं तसंच काढलं."

सुरुचीनं सगळे कागद फळ्याखाली ओळीनं मांडले. "बघा, प्रत्येक चित्र शेजारच्यासारखंच आहे. किटली कुणीच ठरवली नव्हती. एवढ्या पुण्याला उद्या किती कोथिंबीर लागेल, हे कुणी एक माणूस ठरवतो का? तरी मंडईत येतेच ना?"

"व्यापाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल," ऋतुजा मागून म्हणाली. वर्ग हसला. "पण खरंच मॅडम, कुणीतरी तर असणारच ना?"

दरवर्षी कुणी ना कुणी हे म्हणायचीच, आणि दरवर्षी सुरुचीला मजा वाटायची. आज ती एका कानाच्या मांजराकडे बघत राहिली.

"तुझी चूक नाही गं," तिनं शर्मिलाला सांगितलं. शर्मिलानं मान हलवली. डॉक्टरांपुढे सुरुचीनं हलवली होती, अगदी तशीच.

घरी वासंतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सुरुचीनं पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

"आई, त्या दिवशी दुधी मी चिरला." ती उभ्यानंच म्हणाली. "मला माहितीये त्यानं काही होत नाही. मी शिकवते ते. तरी रोज मला ती विळीच दिसते."

वासंतीबाईंचा हात जुडीतच थांबला.

"दुधी मी आणला होता," त्या म्हणाल्या. "ग्रहण आहे हे ठाऊक असून. मंडईतून. घरात दुधी नसता तर तू चिरला असतास का? माझ्यावर घाल सगळं. माझं काय, मी म्हातारी. तुला अजून खूप जगायचंय."

सुरुची त्यांच्याकडे बघतच राहिली. दुधी तिनं स्वतः आणला होता, शाळेतून येताना. गुडघ्यांमुळे वासंतीबाई दोन वर्षांत मंडईची पायरी चढल्या नव्हत्या.

'कुणीच नाही, आई,' हे शब्द जिभेवर तयार होते. खरे होते. पण त्या शब्दांना मांडी नव्हती.

ती खाली बसली आणि मेथीच्या काड्यांतच तिनं सासूबाईंच्या मांडीवर डोकं टेकलं.

"का आणलात, आई?" ती हुंदक्यांतून विचारत राहिली. "का आणलात?"

"चुकलं गं," वासंतीबाई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "माझंच चुकलं."