बुजवलेली भोकं

मित्रांनो, मला पडीक म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या भिंतीची जाडी मोजावी, मग तोंड उघडावं. मी इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातली, लार्टर घराण्याच्या शेतावरची जुनी मळणीची कोठी आहे. माझ्या विटा शेजारच्याच मातीच्या. माती काढून उरलेल्या खड्ड्याचं तळं झालं, आणि त्यातली बदकं स्वतःला माझ्याहून जुनी समजतात. समजू देत.

मला बांधणारा गवंडी बोलायला कमी, पण डोक्यानं भारी. त्यानं समोरासमोर दोन दारं ठेवली. एक उंच, पेंढ्यांनी लादलेली गाडी आत यायला. दुसरं ठेंगणं, रिकामी गाडी बाहेर जायला. मधे ओकच्या फळ्यांची जमीन. हिवाळाभर माणसं तिथे गहू झोडपायची. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जायचा, भूस उडायचं आणि जड दाणा पायाशी राहायचा. तो बाहेर जाऊ नये म्हणून उंबऱ्यात आडवी फळी बसवायचे. दोन्ही लांब भिंतींत मात्र गवंड्यानं मधल्या विटा गाळून शंकरपाळ्यांसारखी भोकं ठेवली होती. रचलेल्या पेंढ्यांना घाम येतो, मित्रांनो. तो तिथून जायचा.

पुढे मळणीयंत्र आलं आणि झोडपणारी माणसं गेली. पेंढ्या मात्र माझ्याकडेच राहिल्या.

मग थिर्झा या घरात सून म्हणून आली. यार्मथची, मासळीच्या बंदरावर वाढलेली, जीभ सुरीसारखी. भोकं पाहून म्हणाली, गवंड्याला विटा पुरल्या नाहीत वाटतं. सासू म्हणाली, अगं, त्या कोठीच्या नाकपुड्या आहेत, हात लावू नकोस. हात लावू नकोस म्हटलं, तिथेच सगळं बिनसलं. सासूला पुरून आठवडा झाला नाही तोच थिर्झानं चोवीसच्या चोवीस भोकं सिमेंटनं बुजवून घेतली आणि वरून चुना फासला. चिमण्या गहू खातात, हे कारण.

तेव्हापासून दर वर्षी गव्हाला कुबट वास. थिर्झानं छपराला दोष दिला, नवऱ्याला दिला, एका वर्षी तर मांजरीलासुद्धा. चाळीस वर्षांत माझ्या विटांचे पापुद्रे सुटले आणि उत्तरेच्या भिंतीला पोट आलं. तोवर नवरा गेला होता, भोकं बुजवणारा गडीही गेला होता. त्या भोकांचं जाणणारी ती एकटीच उरली.

परवाच्या कापणीआधी तिच्या मुलानं, एडगरनं, सायलस किप नावाच्या गवंड्याला बोलावलं. सायलसनं छप्पर पाहिलं, पाया खणून पाहिला, आणि म्हणाला की छप्पर शाबूत, पाया कोरडा, मग ओल येते कुठून हे देवाला ठाऊक; पाडलेली बरी. एडगरला पत्र्याची शेड हवीच होती. सोमवारचा दिवस ठरला.

थिर्झानं आपली खुर्ची माझ्या दोन दारांच्या मधे मांडून घेतली आणि दोन दिवस तिथेच बसून राहिली. एडगरला वाटलं, आई कोठीचा निरोप घेते आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं. ती दोन शब्द चघळत होती, आणि गिळावे की थुंकावे हे तिला ठरवता येत नव्हतं.

सोमवारी सायलस घण घेऊन आला. थिर्झा उठली, उत्तरेच्या भिंतीशी गेली आणि काठीनं चुन्यावर ठोकलं.

"इथे खरवड."

"मालकीणबाई, इथे नुसती भिंत आहे."

"डोळे मलाही आहेत. खरवड."

चुन्याखाली सिमेंट लागलं. सायलस चक्रावला. "हे कुठल्या शहाण्याचं काम?"

"शहाण्याचं नाही, शहाणीचं. माझं." ती एडगरकडे वळली. "तुझी आजी नको म्हणाली, म्हणून केलं. बरोबर तिचंच होतं."

माझ्या छपराखाली या बाईच्या तोंडून असं वाक्य कधी निघालं नव्हतं. बदकंसुद्धा गप्प झाली असतील.

"हसायचं तर आत्ता हसून घे, एडगर. जेवायला बसल्यावर विषय बंद."

एडगर हसला नाही. त्यानं सायलसच्या हातातला घण काढून घेतला, बाहेर ठेवला आणि छिन्नी मागितली. पहिलं भोक आरपार झालं तसा वारा आत आला, आणि चाळीस वर्षांचा कुबट वास दारातून निघून गेला.

भिंतीचं पोट काही गेलं नाही. पण ती आता कोरडी आहे, आणि गहूही. थिर्झा रोज येऊन बसते आणि फार वारा लागतो म्हणून कुरकुरते. कुरकुरू दे.

मित्रांनो, जुन्या घरात एखादी गोष्ट विचित्र दिसली, तर ती कशासाठी आहे हे आधी विचारा. आणि बुजवून बसला असाल, तर वेळेवर कबूल करा. दुखलं की ओल धरायची, यापलीकडे भिंतीला बोलता येत नाही.