उजवीकडचा खालचा कोपरा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि माझ्या एका कोपऱ्यात खोटं छापलेलं आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या कोपऱ्याभोवतीच फिरते.

मी फ्रान्सचा नकाशा. १९५५ साली पॅरिसच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. जाड कागद, पाठीला कापड, वर आणि खाली लाकडी दांडे. एखाद्या लहान मुलाच्या पलंगाएवढा मोठा. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या रंगांत माझे जिल्हे रंगवले होते. उजवीकडे खाली एक चौकोन होता. त्यात समुद्रापलीकडचा अल्जीरिया दाखवला होता, आणि त्यालाही माझाच गुलाबी रंग दिला होता. म्हणजे तोही फ्रान्सच! तिथल्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. मी छापला जात होतो तेव्हा तिथे स्वातंत्र्याची लढाई पेटली होती, माणसं मरत होती. माझ्या गुलाबी रंगात त्यातलं काही दिसत नव्हतं.

फिरत फिरत मी पुण्यातल्या एका कॉलेजात आलो. तोवर अल्जीरिया स्वतंत्र झाला होता. विभागप्रमुख गुरुनाथ सरांनी त्या चौकोनावर पांढरा कागद चिकटवून टाकला. "उगाच मुलं नसते प्रश्न विचारतात," ते म्हणाले.

मग फ्रेंच शिकवायला सरलाबाई आल्या. त्यांनी किटलीच्या वाफेवर माझा कोपरा धरला आणि तो कागद अलगद सोडवला. डिंकाचा पिवळा डाग अजून माझ्या अंगावर आहे. दर जून महिन्यात पहिल्याच तासाला त्या मुलांना म्हणायच्या, "या नकाशात एक खोटं आहे. शोधा बघू." मुलं माझ्यावर तुटून पडायची. बाई माझ्यावर बोट फिरवत सांगायच्या, इथे पॅरिसात लोकांनी तुरुंगाचा किल्ला पाडला, इथे राजाचं डोकं गेलं, इथून पुढे सम्राट आले, पुन्हा राजे आले. फ्रेंच लोकांनी पाच वेळा प्रजासत्ताक मांडलं आणि चार वेळा मोडलं. समता, बंधुता हे शब्द जगाला दिले, आणि समुद्रापलीकडच्या माणसांना मात्र द्यायला विसरले. बाईंचं फ्रान्सवर फार प्रेम होतं. म्हणून त्या काही झाकत नसत.

त्या दिवसांत मला किती मान होता! उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई मला घरी नेत, कोरड्या फडक्यानं पुसत. खालचा दांडा चिरला तेव्हा त्यांनी त्यावर लाल दोरा घट्ट गुंडाळला. त्यांचा लहान मुलगा सुशांत शेजारी बसून कोपऱ्यावर बोट ठेवायचा आणि ओरडायचा, "सापडलं!"

पुढे बाई निवृत्त झाल्या. कॉलेज मला रद्दीत काढणार होतं, म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. सुशांत इंजिनियर होऊन अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी गेला होता. २००१ च्या उन्हाळ्यात बाई पहिल्यांदा त्याच्याकडे निघाल्या, तेव्हा मला जुन्या नऊवारीत गुंडाळून विमानात घेऊन गेल्या. नात कादंबरीच्या खोलीत मी टांगला गेलो. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले. सुशांतनं गाडीवर छोटा अमेरिकन झेंडा लावला. सगळेच लावत होते. पण यानं तो घट्ट बसलाय ना, हे तीनतीनदा ओढून बघितलं, ते मी खिडकीतून पाहिलं.

मग २००३ चा मार्च आला. अमेरिका इराकवर चालून गेली आणि फ्रान्स म्हणाला, आम्ही बरोबर येणार नाही. झालं! टीव्हीवर लोक फ्रेंच वाईन गटारात ओतताना दिसू लागले. बाई तेव्हा पुन्हा राहायला आल्या होत्या, आणि कादंबरी पाचवीत होती. तिच्या शाळेत एप्रिलमध्ये 'वर्ल्ड डे' होता, प्रत्येकानं एकेका देशाची ओळख करून द्यायची, आणि तिनं फ्रान्स निवडला होता.

"आई, तिला दुसरा देश घ्यायला सांग," सुशांत म्हणाला. "माझी ग्रीन कार्डची फाइल अडकलीय. ऑफिसात रोज फ्रान्सवर जोक चालतात. मी पण हसतो."

"तू कशाला हसतोस?"

"हसावं लागतं, आई!"

"बट बाबा, इंग्लंडशी वॉर होतं तेव्हा फ्रान्सनंच अमेरिकेला हेल्प केलं. शिप्स पाठवली. आजी टोल्ड मी," कादंबरी मध्येच म्हणाली.

"ते तुझ्या मैत्रिणींच्या डॅडींना सांग. इटली घे. सगळ्यांना पिझ्झा आवडतो."

बाई एवढंच म्हणाल्या, "सुशांत, प्रोजेक्ट तिचा आहे. तुझा अर्ज नव्हे तो."

पण दुसऱ्या दिवशी सुशांतनं मला उतरवून गॅरेजमध्ये ठेवलं, आणि कादंबरीनं मुकाट्यानं पुठ्ठ्यावर इटली चिकटवायला घेतलं.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाचे चारुदत्तकाका गॅरेजमध्ये आले. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मुलांचं नाटुकलं होतं आणि त्यांना मागे लावायला किल्ल्याचा पडदा हवा होता. "यार सुशांत, एवढं मोठं कापड कुठे मिळत नाही रे."

सुशांतनं माझ्याकडे पाहिलं. "हा घ्या. उलटी बाजू कोरीच आहे."

मित्रांनो, माझ्या पाठीवर भिंतीचा उरलेला रंग ओतला गेला. एक किल्ला पाडून ज्या देशाची नवी गोष्ट सुरू झाली, त्याच्या पाठीवर बुरूज चढले. रंग ओला होता. तो कापडातून आत झिरपत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

शनिवारी कार्यक्रम झाला. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पडदा उलगडला, टाळ्या पडल्या, आणि बाईंची नजर खालच्या दांड्यावरच्या लाल दोऱ्यावर गेली. नाटुकलं संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग हळूहळू मंचावर चढल्या आणि त्यांनी मला उलटा केला. पॅरिसवर हिरवे-करडे डाग उतरले होते. पश्चिमेचा किनारा पार पुसला होता. उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा जसाच्या तसा होता.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो," चारुदत्तकाका रडवेले झाले.

"तुमचं काही चुकलं नाही."

सुशांत पुटपुटला, "आई, उलट्या बाजूला होतं. वाटलं, कोणाला दिसणार?"

"गुरुनाथ सरांनाही हेच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "कोणाला दिसू नये." त्यांचा आवाज चढला नाही. त्या कधी नव्हे इतक्या म्हाताऱ्या दिसल्या.

कादंबरी माझ्यापाशी उभी होती. "आजी, कॅन आय टेक इट टू स्कूल? असाच?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो खुर्च्या उचलायला वळला.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये मी टांगला गेलो, डागांसकट. शेजारच्या टेबलांवर खाऊ होता, तिथे गर्दी झाली. आमच्यासमोरून लोक पुढे सरकत होते. एक गृहस्थ हसून म्हणाले, "दुसरा देश नाही मिळाला का?" कादंबरीचे कान लाल झाले. तरी येईल त्याला ती इंग्रजीतून विचारत राहिली, "या मॅपमध्ये एक खोटं आहे. शोधता का?" कोणी थांबलं नाही.

दुपारी सुशांत ऑफिसातून आला. बराच वेळ दूर भिंतीशी उभा राहिला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, ते त्यानं शर्टाच्या खिशात सरकवलं. मग खिशातून काढून पुन्हा छातीवर सोडलं. चालत आला, वाकला, आणि माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सापडलं," तो म्हणाला.

"बाबा, त्यांनी खोटं का छापलं?"

"घाबरले होते गं," सुशांत हळूच म्हणाला. "हातातलं जाईल म्हणून."

तिला बक्षीस मिळालं नाही. सुशांतच्या फाइलचं पुढे चार वर्षं काही हललं नाही. ते नकाशामुळे नव्हे. पण ती चारही वर्षं तो टपाल उघडण्याआधी खोलीच्या दारातून माझ्याकडे बघायचा.

आज २००८ साल आहे. बाई आता पुण्यातच असतात. त्यांना विमानप्रवास झेपत नाही. मी कादंबरीच्या खोलीत आहे. पाठीवरचा किल्ला सुकून तडकलाय, त्याचे कपचे खाली गालिच्यावर पडतात आणि ती ते रोज वेचते. डाग मात्र जाणार नाहीत.

मित्रांनो, जुने नकाशे रद्दीत टाकू नका. त्यांच्यावर कागद चिकटवू नका, रंगही ओतू नका. तुमच्या देशाचा नकाशा असला तरी नको. आणि मी कधी कुठे तुम्हाला दिसलो, तर माझ्या डागांकडे बघून हळहळू नका. उजवीकडे खाली बोट ठेवा, आणि शेजारी जे कोणी मोठं माणूस उभं असेल, त्याला मोठ्यानं विचारा, "हे खोटं का छापलं?"