उभी ताटं

दुपारी पश्चिमेकडचं आभाळ पिवळं पडलं आणि थोरली दारातच थबकली. वाळूचा वारा तिला नवा नव्हता. भीती होती ती तिनं स्वतःच करून ठेवलेल्या उद्योगाची.

शेताच्या पश्चिम कडेला ज्वारीच्या ताटांचे दोन पट्टे उभे होते, पुढचा धाकट्या जावेचा, मागचा तिचा, प्रत्येकी बारा ओळींचा. कणसं खुडा, पण ताटं पुढच्या पेरणीपर्यंत कापू नका, वाळू त्यांनीच अडते, असं मातीवाले साहेब सांगून गेले होते. साहेबांचं काय जातं सांगायला? त्यांच्या गोठ्यात गाय नाही. थोरलीच्या गोठ्यात होती, तीही गाभण, आणि वैरण संपून महिना झाला होता.

मग थोरलीनं डोकं चालवलं. दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी दिसायला ठेवल्या आणि मधली ताटं रोज थोडी थोडी कापून गाईपुढे टाकली. साहेब बांधावरून बघायचे आणि खूश होऊन जायचे. पुढे धाकटीचा पट्टा आहेच की, असं ती मनाला समजवायची. धाकटी भित्री, सांगितलेलं मोडायची नाही. तिच्या शेळ्या या दिवसांतही तुकतुकीत कशा, याचं थोरलीला नवल वाटलं होतं, पण नवलापलीकडे ती गेली नाही.

पट्ट्यांच्या आडोशाला कांद्याचं रोप होतं, वीतभर झालेलं. दोन्ही घरांचं वर्ष त्याच्यावर होतं आणि पुन्हा टाकायला बी नव्हतं.

नवरे दोघंही गावाबाहेर होते, म्हणून धाकटी तिच्याकडेच येऊन बसली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या तरी वाळू आत आलीच. माठात, पिठात, दातांखाली. छपराचा पत्रा धडधडू लागला. शेवटी थोरलीला राहवेना.

“तुझा पट्टा दाट आहे ना गं?”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “मागं तुमचा आहे ना, ताई?”

थोरलीला त्या तुकतुकीत शेळ्या आठवल्या. आता तिला सगळं कळलं होतं आणि वारा थांबेपर्यंत ते घेऊन बसून राहायचं होतं.

तासाभरानं वारा पडला तशा दोघी धावत सुटल्या. कडेच्या ओळी आडव्या झाल्या होत्या. दोन्ही पट्ट्यांत मधल्या ओळींच्या जागी नुसती धसकटं होती, सारख्याच उंचीवर, सारख्याच सफाईनं कापलेली. त्यांच्या पलीकडे वाफे कुठले आणि वाट कुठली, हेही ओळखू येत नव्हतं.

धाकटी गुडघ्यांवर बसली आणि हातांनी वाळू उपसू लागली. थोरलीही तिच्याशेजारी बसली. रोपाची पहिली हिरवी पात हाताला लागली तेव्हा तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात कानाशी पुन्हा वारा लागला. तिनं मान वर केली. पश्चिमेकडे आभाळ परत पिवळं होत होतं आणि मध्ये अडवायला काहीच उभं नव्हतं.