ज्याचं त्याचं पान

विद्यापीठाच्या वार्षिक अहवालासाठी सगळ्या विभागांच्या संशोधनाचा सारांश टाइप करणं, हे बाईंचं अठरा वर्षांचं काम. वाचायचं नाही, नुसता कीबोर्ड बडवायचा. यंदा मात्र हात मध्येच थांबले.

इतिहासवाले लिहीत होते, ग्रंथालय तळं बुजवून बांधलंय. स्थापत्यवाले म्हणत होते, बुजवलेल्या तळ्यावरची जड इमारत कधीतरी खचतेच. प्राणिशास्त्रवाल्यांना कोडं पडलं होतं, ग्रंथालयाच्या तळघरातले उंदीर वर्षभरात गेले कुठे? तिथेच ठेवलेला भौतिकवाल्यांचा नाजूक तराजू सारखा एकीकडे झुकत होता; त्यांनी खापर तराजूवर फोडलं. एवढे विद्वान, पण एकानेही शेजाऱ्याचं पान उलटलं नव्हतं!

बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. त्यांचं कार्यालय ग्रंथालयाच्याच तिसऱ्या मजल्यावर होतं. चारही कागद घेऊन त्या त्याच मजल्यावरच्या कुलसचिवांच्या खोलीत धावल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो बाई, चौघांचं एकत्र वाचायला सांगितलं कुणी? ज्याचं त्याचं वेगळं पान करा."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. ते आपसूक घरंगळत कडेला गेलं, आणि साहेबांनी रोजच्या सवयीने, न बघताच, ते अलगद झेललं.