काळजीसुद्धा त्याचीच

रेव्हरंड टिल्मन यांचा उपदेश बोलण्यातून सुरू होतो आणि गाण्यात कधी शिरतो, ते बसलेल्याला कळत नाही. वाक्याचं शेपूट लांबत जातं, श्वास घोगरा होतो, आणि डेल्विनचा ऑर्गन ते वाक्य खालून अलगद उचलून धरतो. मेम्फिसमधल्या आमच्या चर्चात म्हणतात, रेव्हरंड पेरतात आणि डेल्विन पाणी घालतो. त्या सुरांत बसलं की आठवड्याचा शीण कुठल्या कुठे जातो. देव तिथे असतोच, पण गाण्यात तो जवळ सरकून बसल्यासारखा वाटतो.

त्या रविवारी मात्र पाणी मध्येच आटलं.

उपदेशाआधी ज्याला देवाचे आभार मानायचे असतील तो उभा राहून साक्ष देतो. लेमॉन्ट उभा राहिला. लेमॉन्ट म्हणजे डेल्विनचा शाळेपासूनचा मित्र, गायकांच्या रांगेतला खर्जाचा आवाज. "शनीसला पाचवा महिना लागलाय," तो म्हणाला. "मुलगा आहे. माझ्या बायकोची बंद कूस देवाने उघडली." चर्च टाळ्यांनी दणाणलं. रेव्हरंडनी तोच धागा धरला. "दार बंद होतं," ते गाऊ लागले, "किल्ली कुणापाशी होती?" ऑर्गनने उत्तर दिलं.

पण डेल्विनला ठाऊक होतं, शनीसची कूस कधी बंद नव्हतीच. दोष लेमॉन्टमध्ये होता, तसाच डेल्विनमध्येही. दोघंही बायकांना घेऊन एकाच दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं होतं: एकच शुक्राणू निवडून, केसाहून बारीक सुईने बीजांडात सोडायचा. बीज फळलं तरी रुजेलच असं नाही, रुजलं तरी टिकेलच असं नाही. घरी मूल घेऊन जाणारी जोडपी कमी, रिकाम्या हाताने परतणारी जास्त. बाळात व्यंग निघायचा धोकाही नेहमीपेक्षा थोडा अधिक. बाहेरच्या बाकावर दोघं मित्र एकमेकांची टर उडवत बसले होते. "माझे आळशी आहेत." "तुझे निदान आहेत तरी, माझ्यांना हाका मारून शोधावं लागतं."

डेल्विनच्या बायकोचा, इव्हेटचा, गर्भ रुजला आणि सातव्या आठवड्यात गेला. शनीसचा टिकला.

ऑर्गनवर एक छोटा आरसा असतो, पाठमोऱ्या बसलेल्या वादकाला रेव्हरंड आणि बाकांवरची माणसं दिसावीत म्हणून. त्या आरशात डेल्विनला दिसलं: लेमॉन्टची आई, जिला सारं चर्च मानाने मदर हेझल म्हणतं, मागच्या बाकावरून वाकून इव्हेटच्या खांद्यावर हात ठेवत होती. "धीर धर पोरी, तुझीही कूस उघडेल." इव्हेटने मान खाली घातली. डेल्विनची बोटं पट्ट्यांवरून उठली. रेव्हरंडची ओळ हवेत लोंबकळत राहिली. ते जुने खेळाडू. लोकांच्या टाळ्यांवर त्यांनी उपदेश तडीस नेला. पण सगळ्यांच्या माना ऑर्गनकडे वळल्याच.

नंतर तळघरात जेवणं सुरू झाली. डेल्विन बाहेर गाडीला टेकून उभा होता. लेमॉन्ट दोन ताटल्या घेऊन आला, कोंबडी, पालेभाजी आणि मक्याचा पाव.

"रेव्हरंडना तोंडघशी पाडलंस गड्या. बोटं झोपली काय?"

"तुझी साक्ष ऐकून झोपली. शनीसची बंद कूस म्हणे. सुई कुणापायी लागली, ते कोण सांगणार?"

"समोर आई बसली होती, डेल."

"इव्हेटही बसली होती. आता साऱ्या म्हाताऱ्या प्रार्थना करून कपाळाला लावायच्या तेलाची बाटली घेऊन तिच्या मागे लागतील. आणि मी तिथे बसून तुझ्यासाठी सूर देतोय."

लेमॉन्टने ताटली गाडीच्या टपावर ठेवली.

"मुलगा म्हणून सगळे टाळ्या पिटत होते, आणि मला घाम फुटला होता," तो म्हणाला. "माझ्या गुणसूत्रात एक तुकडा कमी आहे, तो दोष बापाकडून मुलाकडे जातो. मुलगी असती तर सुटली असती. याचं माझ्यासारखंच होणार. तुला गालगुंडांनी झालं, तुझ्या पोराला काही झालं नसतं."

"नसतं," डेल्विन म्हणाला.

"तो मोठा झाला की कुणीतरी त्याला सांगायला हवं, वेळेत तपासून घे म्हणून. माझं तोंड किती उघडतं, ते आज पाहिलंस. तू सांगशील?"

डेल्विनला वाटलं होतं, मित्राचं दुःख ऐकून आपला जीव निवेल. झालं उलटंच. ही काळजीही त्याला हवीशी वाटली. रात्री उठून पाळण्यात वाकून बघायचं, पोर दाढी करायला लागलं की धडधडत्या छातीने विषय काढायचा. हे सगळं लेमॉन्टच्या वाट्याला, आणि वर तक्रारही त्याचीच.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुझी ही काळजीसुद्धा मला हवी आहे. पोर जन्माला आलं की मी हसेन की तोंड फिरवीन, ते मला ठाऊक नाही. मी जळतोय, लेमॉन्ट."

"वाईट बोललास."

"देवाच्या दारात उभा आहे, खोटं कसं बोलू? तुझ्या मुलाला तूच सांग. आणि आधी आईला सांग. आजच. ज्याला आईला सांगता येत नाही, तो पोराला काय सांगणार?"

लेमॉन्ट ताटली न उचलता जिन्याने खाली गेला.

डेल्विन मागाहून उतरला तेव्हा लेमॉन्ट आईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसून तिच्या कानात बोलत होता. मदर हेझलचा काटा हवेतच थांबला. तिने लेकाच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर टेबलापलीकडे इव्हेटवर गेली. शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिने मांडीवर घेतली.

"ये पोरी, इथे बस," ती म्हणाली. "माझ्या जिभेला हाड नाही. मघाचं मनावर घेऊ नकोस."

इव्हेट बसली. पलीकडे शनीस पोटावर हात ठेवून कशाला तरी हसत होती. डेल्विनच्या छातीत पुन्हा तीच कळ उठली, मघाइतकीच तीव्र. ती जावी म्हणून त्याने मनातल्या मनात देवाला विनवलं. ती गेली नाही. मग त्याने शनीससमोरची खुर्ची ओढली आणि विचारलं, "बाळ लाथा मारतं का गं?"