नु फि-नि-सों

माझी बायको पंचवीस वर्षं फ्रेंच शिकवायची. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवणीला मुलं आली की ती टेबलावर बोटाने ठोके देत क्रियापदं म्हणून घ्यायची. नु म्हणजे आम्ही, फि-नि-सों म्हणजे संपवतो, तीन ठोके. 'ते संपवतात'ला फि-निस, दोनच, पुढची अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. मी चिडवायचो, "बोलायची नाहीत तर लिहिता कशाला? शाई फुकट येते का?" ती म्हणायची, "गप बसा हो."

मग अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाणी म्हणता येईना, माझं नाव येईना. पाचव्या महिन्यात एका सकाळी अचानक, "झ फिनी, त्यु फिनी, इल फिनी..." सहाच्या सहा रूपं, घडाघडा! लेकीला फोन करून मी ढसाढसा रडलो.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, हे नुसतं पाठांतर आहे. तरी रोज ठोके देऊन म्हणून घ्या, कुणी सांगावं." मग काय, ते टेबल तिच्या पलंगाला लावून सकाळ-संध्याकाळ मी बडवायला लागलो.

काल दुपारी तिची कंबर धरली होती, म्हणून गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सरकवली. थोड्या वेळाने तिने सुरुवात केली. "झ फिनी! त्यु फिनी!" आवाज कसा खणखणीत! "वा, बाई!" म्हणत मी ठोके धरले. तिने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट पकडलं. मला वाटलं, तिलाच ठोके द्यायचेत. मी तिचाच हात टेबलावर आपटायला लागलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही मला आनंदाचं वाटलं. लेकीलाही ऐकू दे म्हणून फोन लावला.

लेक ऐकताच किंचाळली, "बाबा, आई ओरडतेय! बघा ना तिला काय होतंय ते!"

पांघरूण ओढलं. पिशवीचं झाकण मीच नीट लावलं नव्हतं. गादी भिजून वाफाळत होती आणि कमरेवरची कातडी सोलून निघाली होती.

पंचवीस वर्षं तिचा आवाज ऐकला मी. काय कामाचे माझे कान, जळो मेले!

डॉक्टर मलमपट्टी करून गेले. आज सकाळी मी टेबलावर हळूच एक ठोका दिला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढे सहा शब्द होते तिच्याकडे हाक मारायला. आता तेही ती बोलत नाही.